अठरा घरांची संख्या

एक संख्या हवी आहे. तिचा एकक स्थानचा अंक उचलून सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवला, की ती बरोबर दुप्पट झाली पाहिजे. १२ घेतले तर उलटून २१ होतात, दुप्पट मात्र २४. ३७ चे ७३ होतात आणि दुप्पट ७४, म्हणजे एकाने हुकले. इथे माणसाला वाटते की आता थोडेच राहिले, तीन अंकी किंवा चार अंकी संख्यांत नक्की सापडेल. सापडत नाही. दहा अंकी, पंधरा अंकी संख्यांतही सापडत नाही. ही अट पाळणारी लहानात लहान संख्या अठरा अंकी आहे:

१०५२६३१५७८९४७३६८४२

शेवटचा २ पुढे आणा, २१०५२६३१५७८९४७३६८४ मिळतात. पहिलीची दुप्पट करून पाहा, तेच येते.

या संख्येमागे एक किस्सा आहे. फ्रीमन डायसन (१९२३–२०२०) हे मोठे भौतिकशास्त्रज्ञ. न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिक पुरवणीने २००९ साली त्यांच्यावर एक दीर्घ लेख छापला, त्यात तो आला होता. काही शास्त्रज्ञ दुपारी जेवायला बसले असताना कोणीतरी हाच प्रश्न टाकला. डायसन यांनी क्षण दोन क्षण घेतले आणि सांगितले, की अशी संख्या आहे, पण सगळ्यात लहान असलेली अठरा अंकी आहे. ऐकणारे थक्क झाले. तेव्हापासून अशा संख्यांना त्यांचे नाव चिकटले. डायसन यांचे डोके अफाट होते यात शंका नाही, पण अठरा हा आकडा त्यांना दिसला तो कशामुळे, हे कळले की आपल्यालाही तो दिसतो. त्यासाठी आधी संख्या हाताने तयार करायची.

साहित्य फार नाही. शाळेतली चौकटीची वही, शिसपेन्सिल, खोडरबर. पुढच्या चौरसासाठी आलेख कागद आणि वर्तुळ काढायला कंपास किंवा एखादी वाटी. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. दुकानातल्या बारा अंकी यंत्राचा पडदा या संख्येला पुरत नाही. संगणकावरचे एक्सेल तर फसवतेच. तिथे ही संख्या टाइप करून एंटर दाबले की घरात १०५२६३१५७८९४७३६००० उरते. एक्सेल पहिले पंधरा अंक जपते आणि पुढच्यांच्या जागी गुपचूप शून्ये भरते, वर कसली सूचनाही देत नाही. संगणकावरच ठेवायची असेल तर त्या घराचा प्रकार आधी ‘टेक्स्ट’ करा, मग संख्या टाइप करा. पण तो नुसता मजकूर झाला, त्यावर गणित होणार नाही. तेव्हा पेन्सिलच बरी.

पायरी पहिली: उजवीकडून डावीकडे

वहीत एका ओळीत अठरा चौकटी मोजून दोन्ही टोकांना खूण करा. सगळ्यात उजवीकडच्या चौकटीत २ लिहा. आता नियम एकच. नुकत्याच लिहिलेल्या अंकाची दुप्पट करा, हातचा असेल तर मिळवा, आलेल्या उत्तराचा एकक डावीकडच्या चौकटीत लिहा आणि दशक हातचा म्हणून ठेवा.

बे दुणे चार, ४ लिहा. चाराचे आठ, ८ लिहा. आठाचे सोळा, ६ लिहा, हातचा १. सहाचे बारा आणि एक तेरा, ३ लिहा, हातचा १. तिनाचे सहा आणि एक सात, ७ लिहा, हातचा संपला. साताचे चौदा, ४ लिहा, हातचा १. चाराचे आठ आणि एक नऊ, ९ लिहा. नवाचे अठरा, ८ लिहा, हातचा १. आठाचे सोळा आणि एक सतरा, ७ लिहा, हातचा १. साताचे चौदा आणि एक पंधरा, ५ लिहा, हातचा १. पाचाचे दहा आणि एक अकरा, १ लिहा, हातचा १. एकाचे दोन आणि एक तीन, ३ लिहा. तिनाचे सहा, ६ लिहा. सहाचे बारा, २ लिहा, हातचा १.

इथे थांबायचा मोह होतो. सुरुवात २ ने झाली होती, पुन्हा २ आला, म्हणजे चक्र पुरे झाले असे वाटते. पण हातात १ आहे. तो टाकून थांबलात तर ६३१५७८९४७३६८४२ ही चौदा अंकी संख्या पदरात पडते. तिचा शेवटचा अंक पुढे नेला तर २६३१५७८९४७३६८४ आणि दुप्पट केली तर १२६३१५७८९४७३६८४. डोक्यावर बसलेला तो जादा १ म्हणजेच आपण टाकून दिलेला हातचा. अंक पुन्हा सुरुवातीचा यायला हवा आणि त्याच वेळी हातचाही नसायला हवा. दोन्ही एकदम जमेल तेव्हाच थांबायचे.

तेव्हा पुढे चला. दोनाचे चार आणि एक पाच, ५ लिहा. पाचाचे दहा, ० लिहा, हातचा १. शून्याचे शून्य आणि एक एक, १ लिहा. एकाचे दोन. हा २, आणि हातात काही नाही. थांबा. हा २ लिहायचा नाही. अठरा चौकटी भरल्या आहेत.

या नियमाने उत्तर का मिळते ते पाहण्यासारखे आहे. आपली संख्या वर लिहून तिला २ ने गुणायला घेतली असे समजा. गुणाकाराचा एकक म्हणजे मूळ संख्येच्या एककाची दुप्पट. पण अट अशी की गुणाकार म्हणजे तीच संख्या एक घर उजवीकडे सरकलेली. म्हणजे गुणाकाराचा एकक हाच मूळ संख्येचा दशक. तो वर लिहिला की पुढचा गुणाकार करता येतो, त्यातून वरचा शतक मिळतो, आणि असेच पुढे. उत्तर वरच्या ओळीला अंक पुरवत जाते. आपण शोधत काहीच नाही. एकदा २ लिहिल्यावर बाकीचे सतरा अंक ठरूनच गेलेले असतात.

पायरी दुसरी: पडताळा

हाताने केलेल्या हिशेबात एखादा हातचा सुटतोच. पडताळ्याचे दोन मार्ग सांगतो, दोन्ही सोपे.

पहिला म्हणजे मोजणी. अठरा अंकांत १ ते ८ हे अंक प्रत्येकी दोनदा आले पाहिजेत, ० आणि ९ एकेकदाच. सगळ्यांची बेरीज ८१.

दुसरा मार्ग उलट दिशेचा आणि जास्त गमतीचा. पूर्वी पंतोजी पाढ्यांबरोबर निमकी, पावकी घोकून घेत. इथे लागते ती निमकी. डावीकडून सुरुवात करायची. २ चे निम्मे १, लिहा. १ चे निम्मे ०, लिहा, उरला १. उरलेला १ नुकत्याच लिहिलेल्या ० च्या पुढे धरला की झाले १०, त्याचे निम्मे ५. पाचाचे निम्मे २, उरला १. तो त्या २ च्या पुढे, झाले १२, निम्मे ६. सहाचे निम्मे ३. तिनाचे १, उरला १, मग ११ चे ५, उरला १, १५ चे ७, उरला १… असे करत गेलात की तीच संख्या या बाजूने उलगडत जाते. दोन्ही बाजूंनी केलेले हिशेब जुळले म्हणजे शंका नाही. मला विचाराल तर निमकीचा मार्ग जास्त आवडतो, कारण संख्या वाचायच्या दिशेनेच ती लिहून होते आणि फळ्यावर करून दाखवताना बघणाऱ्याला लगेच कळते.

दुपटीची ही रीत अनेकांनी ‘वैदिक गणित’ म्हणून पाहिली असेल. पुरीचे शंकराचार्य भारती कृष्णतीर्थ यांचे त्या नावाचे पुस्तक त्यांच्या पश्चात १९६५ साली निघाले. त्यात १/१९ चे दशांश रूप ‘एकाधिकेन पूर्वेण’ या सूत्राने असेच काढले आहे. १९ मधला ९ च्या आधीचा अंक १, त्याहून एक अधिक म्हणजे २, म्हणून दोनाने गुणत जायचे. रीत चोख आहे. तिला वैदिक म्हणावे असा आधार मात्र उपलब्ध वैदिक ग्रंथांत मिळत नाही. हिशेब बरोबर येण्यासाठी तसा आधार लागतही नाही.

अठराच का

संख्येचे दोन तुकडे करा. शेवटचा अंक म्हणजे शेपूट, बाकीचे सगळे अंक म्हणजे धड. आपल्या संख्येत धड सतरा अंकी आहे. मूळ संख्या म्हणजे धडाची दहापट अधिक शेपूट. शेपूट पुढे नेल्यावर होते शेपटावर सतरा शून्ये, अधिक धड. ही दुसरी संख्या पहिलीच्या दुप्पट, म्हणजे धडाची वीसपट अधिक शेपटाची दुप्पट. दोन्हीकडून एकेक धड आणि दोन-दोन शेपट्या वजा केल्या की उरते:

१९ × धड = शेपूट × ९९९९९९९९९९९९९९९९८

उजवीकडची मोठी संख्या म्हणजे सोळा नऊ आणि शेवटी आठ. १९ ही अविभाज्य (मूळ) संख्या आणि शेपूट एक अंकी. तेव्हा १९ ने भाग जायचा तो या नऊ-नऊ-आठमध्येच जायला हवा. धड लहान घेतले तर तिथे ८, ९८, ९९८, ९९९८ असे काहीतरी येते. त्यांना एकेक करून १९ ने भागून पाहा. प्रत्येक वेळी बाकी उरते. पहिला नि:शेष भाग जातो तो सोळा नऊ आणि एक आठ झाल्यावर, आणि भागाकार येतो ५२६३१५७८९४७३६८४२. शेपूट १ घेतले तर हेच धड, पण ते सोळा अंकीच आहे. एक घर रिकामे राहते, पुढे ० लावावे लागते. शेपूट २ घेतले की धड दुप्पट होऊन १०५२६३१५७८९४७३६८४ होते, पूर्ण सतरा अंकी. म्हणून आपण २ पासून सुरुवात केली. ३, ४, ५ असे ९ पर्यंत कोणताही अंक घेऊन सुरुवात करून पाहा. प्रत्येक वेळी अठरा अंकीच संख्या मिळेल. ३ घेतलात तर १५७८९४७३६८४२१०५२६३. नीट पाहिलेत तर अंक तेच, क्रम तोच, फक्त सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून.

डायसन यांना जेवता जेवता १९ दिसला असणार. तो एकदा दिसला की १/१९ चे आवर्ती दशांश अठरा अंकांनी पुन्हा येतात हे गणितातल्या माणसाला ठाऊकच असते.

इथे एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. भास्कराचार्यांनी लीलावतीत दशमान स्थानांची नावे दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. मोजा, अठरा आहेत. आपली संख्या या यादीत नेमकी मावते, परार्धाच्या घरात १ आणि मध्याच्या घरात ०. एक घरही उरत नाही, एकही कमी पडत नाही. हा निव्वळ योगायोग, पण चाळीसगावजवळच्या पाटणला जाऊन भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख पाहिलेल्यांना तो सुखावेल.

पायरी तिसरी: गोल

कोऱ्या कागदावर वाटी पालथी घालून वर्तुळ काढा. त्यावर सारख्या अंतरावर अठरा ठिपके द्या. कोनमापक असेल तर दर २० अंशांवर. एका ठिपक्यापासून घड्याळाच्या दिशेने आपले अंक लिहा: १, ०, ५, २, ६, ३, १, ५, ७, ८, ९, ४, ७, ३, ६, ८, ४, २.

आता कोणत्याही अंकापासून पट्टी ठेवून केंद्रातून समोरच्या अंकापर्यंत रेघ ओढा. १ च्या समोर ८, ० च्या समोर ९, ५ च्या समोर ४, २ च्या समोर ७. नऊ रेघा, आणि दर रेघेच्या टोकांची बेरीज ९. अर्धी संख्या उरलेल्या अर्धीत मिळवलीत तर:

१०५२६३१५७ + ८९४७३६८४२ = ९९९९९९९९९

आवर्ती दशांशांचा हा गुण मिडी नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८३६ साली मांडला. दोनच काय, सहा-सहा अंकांचे तीन तुकडे करा, १०५२६३ + १५७८९४ + ७३६८४२ = ९९९९९९. तीन-तीन अंकांचे सहा तुकडे केले तर बेरीज २९९७, म्हणजे ९९९ ची तिप्पट. दोन-दोन अंकांचे नऊ तुकडे केले तर ४९५, म्हणजे ९९ ची पाचपट. मुलांना हे तुकडे स्वतः पाडू द्या. पहिली बेरीज जुळली की पुढची करायला सांगावे लागत नाही.

याचे कारण साध्या भागाकारात आहे. २ ला १९ ने भागायला घ्या, शाळेतल्यासारखे, बाकीवर शून्य देत. वीसात एकोणीस एकदा, बाकी १. दहात शून्य वेळा, बाकी १०. शंभरात पाचदा, बाकी ५. पन्नासात दोनदा, बाकी १२. भागाकारात आपलेच अंक उमटत जातात, आणि बाक्या अशा येतात:

१, १०, ५, १२, ६, ३, ११, १५, १७, १८, ९, १४, ७, १३, १६, ८, ४, २

१९ ने भागताना बाकी १ ते १८ यांपैकीच काहीतरी असणार, आणि इथे अठराही बाक्या एकेकदा येऊन जातात. म्हणून चक्र अठराचे. पहिली बाकी १, नऊ घरे पुढची १८. दुसरी १०, तिच्यापुढे नवव्या घरात ९. ५ आणि १४, १२ आणि ७. दर जोडीची बेरीज १९. बाक्या एकमेकींना १९ पर्यंत पुऱ्या करतात, म्हणून त्यांतून निघणारे अंक एकमेकांना ९ पर्यंत पुरे करतात. वर्तुळातल्या नऊ रेघा म्हणजे याच नऊ जोड्या.

पायरी चौथी: साडेदहाचा पाढा

आता चारचौघांत करून दाखवण्याजोगा भाग. संख्या कागदावर लिहून समोरच्याला द्या आणि सांगा, २ ते ९ पैकी कोणत्याही अंकाने गुण. तो पहिला हातचा शोधत असतानाच तुम्ही अठरा अंकी उत्तर लिहून मोकळे व्हायचे.

उत्तर म्हणजे तोच गोल, वेगळ्या अंकापासून वाचलेला. सुरुवात कुठून करायची एवढेच ठरवायचे असते. गोलात १ ते ८ हे अंक दोनदा असल्यामुळे एका अंकावरून ठिकाण कळत नाही, दोन अंक लागतात. ते साडेदहाच्या पाढ्यातून मिळतात, कारण आपली संख्या साडेदहाच्या जरा पुढून सुरू होते: १०५२…

साडेदहा दुणे एकवीस, त्रिक साडेएकतीस, चोक बेचाळीस, पंचे साडेबावन्न, सक त्रेसष्ट, साते साडेत्र्याहत्तर, आठे चौऱ्याऐंशी, नवे साडेचौऱ्याण्णव. अर्धा सोडून द्या. ७ ने गुणायचे असेल तर ७३. गोलात ७ आणि त्याला लागून ३ कुठे आहेत ते पाहा आणि तिथून एक पूर्ण फेरी वाचा: ७३६८४२१०५२६३१५७८९४. झाले. ९ ने गुणायचे तर ९४ पासून: ९४७३६८४२१०५२६३१५७८.

गोल पाठ नसेल तर खिशात चिठ्ठी ठेवायला हरकत नाही. पण बसल्या जागी निमकीने तो मनात तयार करता येतो, हे एकदा जमले की चिठ्ठी लागत नाही. समोरच्याने दहाने गुणतो म्हटले तर मात्र नाही म्हणा. तिथे संख्या एकोणीस अंकी होते आणि ही युक्ती मोडते.

पायरी पाचवी: अठरा बाय अठराचा चौरस

हे काम निवांत दुपारचे. आलेख कागदावर अठरा आडव्या आणि अठरा उभ्या घरांचा चौरस आखा. घर निदान अर्ध्या सेंटिमीटरचे ठेवा, नाहीतर बेरजा करताना डोळे दुखतात. प्रत्येक ओळ गोलातून वाचायची आहे. ओळींची सुरुवात वरून खाली या जोड्यांनी होते:

०५, १०, १५, २१, २६, ३१, ३६, ४२, ४७, ५२, ५७, ६३, ६८, ७३, ७८, ८४, ८९, ९४

पहिल्या ओळीत गोलावर ० आणि ५ जिथे लागून आहेत तिथून सुरू करून घड्याळाच्या दिशेने अठरा अंक: ०५२६३१५७८९४७३६८४२१. दुसऱ्या ओळीत आपली मूळ संख्या. तिसरी १५ पासून. असे शेवटपर्यंत. खरे तर पहिली ओळ म्हणजे १/१९, दुसरी २/१९, आणि शेवटची १८/१९.

भरून झाल्यावर कोणतीही आडवी ओळ मिळवा, ८१. यात नवल नाही, प्रत्येक ओळीत तेच अंक आहेत. कोणताही उभा रकाना मिळवा, तोही ८१. तेही समजते, कारण दर रकान्यात अठराही बाक्यांचे अंक एकेकदा येतात. आता डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण. त्यावर असे अंक असले पाहिजेत:

०, ०, ७, ५, ५, ९, ०, ३, ०, ४, २, ८, ७, ५, ६, ७, ५, ८

बेरीज ८१. याला मात्र वरच्यासारखे सोपे कारण नाही, आणि म्हणूनच हा चौरस मोलाचा. दुसरा कर्ण मिळवायची गरज नाही, तो फुकट मिळतो. चौरसातली वरून पहिली आणि खालून पहिली, वरून दुसरी आणि खालून दुसरी अशा ओळी एकमेकींना नवापर्यंत पुऱ्या करतात. त्यामुळे दर रकान्यात एका कर्णाचा अंक आणि दुसऱ्याचा अंक मिळून ९. अठरा रकान्यांचे १६२, त्यातून ८१ गेले, उरले ८१.

हे दर वेळी जमत नाही हे पटायला १/७ घेऊन सहा बाय सहाचा चौरस करा: १४२८५७, २८५७१४, ४२८५७१, ५७१४२८, ७१४२८५, ८५७१४२. आडव्या-उभ्या बेरजा सगळीकडे २७. कर्ण मात्र एक ३१ चा आणि दुसरा २३ चा. दोन्ही कर्ण जमवणारी सगळ्यात लहान अविभाज्य संख्या १९. तिच्यानंतरची थेट ३८३, आणि तो चौरस ३८२ बाय ३८२ चा. तो कागदावर करायला मी कोणाला सांगणार नाही.

आवर्ती दशांशांच्या अशा चक्रांचे वेड लागलेला माणूस आपल्याकडेही होता. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) लोकांना माहीत आहेत ते ६१७४ मुळे. पण आवर्ती दशांशांची चक्रे हाही त्यांचा आवडता प्रांत होता आणि त्यांवर त्यांनी पुस्तिका काढली होती. पेन्सिल आणि कागद हीच त्यांची प्रयोगशाळा.

दुपटीऐवजी तिप्पट, चौपट

शेवटचा अंक पुढे आणल्यावर चौपट व्हायला हवी असेल तर कृती तीच, फक्त दोनाऐवजी चाराने गुणायचे आणि सुरुवात ४ ने करायची. चार चोक सोळा, ६ लिहा, हातचा १. सहा चोक चोवीस आणि एक पंचवीस, ५ लिहा, हातचे २. पाच चोक वीस आणि दोन बावीस, २ लिहा, हातचे २. दोन चोक आठ आणि दोन दहा, ० लिहा, हातचा १. शून्य आणि एक, १ लिहा. एक चोक चार, हातचा नाही, थांबा. १०२५६४, आणि चौपट ४१०२५६. सहाच अंक! लहान मुलांना कृती शिकवायची तर याच संख्येपासून सुरुवात करावी. अठरा अंकांत त्यांचा धीर सुटतो.

तिपटीची संख्या अठ्ठावीस अंकी आहे, ३ पासून सुरू करा: १०३४४८२७५८६२०६८९६५५१७२४१३७९३. पाचपटीला सुरुवात ७ ने केली तर सहा पायऱ्यांत आपला जुना परिचित १४२८५७ हाती येतो. ५ ने केली तर बेचाळीस अंक लिहावे लागतात, पण ती संख्या १०२०४०८१६३२… अशी दोनाच्या घातांनी सुरू होते, ते पाहायला बेचाळीस अंकांचे कष्ट घ्यावेत. आठपट तेरा अंकांतच उरकते. गुणकाच्या दहापटीतून एक वजा केला की भाजक मिळतो: दुपटीला १९, तिपटीला २९, चौपटीला ३९, पाचपटीला ४९. संख्या किती लांब होणार ते त्या भाजकावर अवलंबून.

सगळ्यात लांबलचक सहापटीची. भाजक ५९, अंक अठ्ठावन्न. एका ओळीत मावणार नाही, तेव्हा वहीची दोन-तीन पाने आडवी चिकटवून घ्या, उजव्या टोकाला ६ लिहा, आणि इथे हातचा पाचापर्यंत जातो हे ध्यानात ठेवून तो दर चौकटीच्या वर बारीक अक्षरात टिपत चला.